अर्जावर सही कुणाची?



उन्हाळा लागला की आमच्या टपालात कैरीच्या लोणच्याची आणि कुरडया-पापडांची पत्रे वाढतात. यंदा त्यांच्या जोडीला पाण्याची पत्रे आली आहेत, आणि तीही थोडीथोडकी नव्हेत. त्यातले एक पत्र एका तालुक्याच्या गावाहून आले आहे. नाव-गाव छापू नका, अशी भगिनीची विनंती आहे. त्या लिहितात :

"आमच्याकडे नळाला पाणी रात्री पावणेतीनला येतं आणि पाऊण तास टिकतं. मी गजर लावून उठते, कारण ह्यांना सकाळी लवकर ड्यूटी असते आणि सासूबाईंचे गुडघे दुखतात. नगरपालिकेत ह्यांनी दोनदा जाऊन सांगितलं. साहेब 'बघतो' म्हणाले. दोन वर्षं झाली. आता पुढे काय करायचं?"

पत्र वाचून आधी हसू आले आणि मग राग आला. पावणेतीनला उठायचे बाईंनी, आणि पालिकेत जाऊन सांगायचे त्यांच्या यजमानांनी! यजमानांना मी दोष देत नाही. बिचारे दोनदा गेले तरी. कित्येक घरांतून तेवढेही कुणी जात नाही. पण पाहा, साहेबांनी त्यांना विचारले असते, "पाणी नेमकं किती वेळ येतं? धार कशी असते? गेल्या महिन्यात किती दिवस आलंच नाही?" तर त्यांनी काय सांगितले असते? "घरचे म्हणतात, कमी येतं." आणि 'कमी येतं' या तक्रारीला 'बघतो' हे अगदी शोभेलसे उत्तर आहे.

खरी माहिती आहे ती आपल्यापाशी. कोणत्या वारी पाणी चुकते, कधी गढूळ येते, नळाची धार बारीक झाली ती रस्ता खणल्यानंतर की त्याआधीच, हे सगळे आपल्याला तोंडपाठ असते. नळावर आणि जिन्यात आपण ते रोज बोलतोही. हल्ली गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रागाने लाल झालेले चेहरेही पाठवतो. फक्त ते कागदावर उतरत नाही, आणि कागदावर जे नाही ते पालिकेच्या लेखी घडलेलेच नसते.

तेव्हा बाई, अर्ज लिहिण्याआधी पंधरा दिवस एक काम करा. स्वयंपाकघराच्या भिंतीवर कॅलेंडर असेलच. दुधाचा खाडा, गॅसची टाकी लावल्याची तारीख, इस्त्रीचे कपडे असे सगळे आपण त्या चौकोनांतून मांडतो. त्याच चौकोनात नळ सुरू झाल्याची आणि बंद झाल्याची वेळ लिहा. आले नाही त्या दिवशी फुली मारा. गढूळ आले तर 'ग' लिहा. 'साधारण रात्री' असे लिहू नका, २.४५ ते ३.३० असे घड्याळ पाहून लिहा.

मग एके दिवशी बादलीचा हिशेब करा. तेलरंगाची रिकामी झालेली वीस लिटरची बादली कुणाकडे तरी असतेच, तिच्यावर लिटर छापलेले असतात. ती नळाखाली लावा आणि भरायला किती मिनिटे लागतात ते पाहा. समजा, चार मिनिटे लागली. म्हणजे मिनिटाला पाच लिटर. पाऊण तासात झाले दोनशे पंचवीस लिटर. घरात पाच माणसे असतील तर माणशी पंचेचाळीस लिटर, आणि त्यात धुणी, भांडी, आंघोळी, संडास सगळे आले. आता हा आकडा कशाशी ताडून पाहायचा? केंद्र सरकारच्या मार्गदर्शिकेत भुयारी गटारे असलेल्या शहरांसाठी माणशी रोज १३५ लिटर पाणी धरले आहे. नळ आहेत पण भुयारी गटारे नाहीत अशा गावांसाठी ७० लिटर. आणि २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसासाठीसुद्धा ५५ लिटर धरलेले आहे. तुम्ही नगरपालिकेची पाणीपट्टी भरून खेड्यापेक्षाही दहा लिटर कमी घेता आहात! हे वाक्य अर्जात आले की 'बघतो' म्हणणे जरा जड जाते.

अर्ज लिहिताना आपण बायका एक करतो, मनात साठलेले सगळे एकदम सांगतो. पाण्याच्या अर्जात कुत्री येतात, कुत्र्यांमागून कचऱ्याची गाडी येते, शेवटी कोपऱ्यावरचा बंद दिवाही येतो. असे करू नका. पालिकेत पाणीपुरवठा एका टेबलावर, आरोग्य दुसऱ्या, दिवाबत्ती तिसऱ्या. चार विषयांचा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो आणि कुणाचाच राहत नाही. एका अर्जात एकच विषय आणि एकच मागणी. मागणीही अशी हवी की ती पुरी झाली की नाही हे कुणालाही कळावे. 'पाणीपुरवठा सुधारावा' ही मागणी नव्हे. 'आमच्या भागाची पाण्याची वेळ रात्री पावणेतीनऐवजी पहाटे साडेपाचनंतर करावी' ही मागणी झाली.

नगरपालिकेचा अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे करावा, कारण कारभाराचे प्रमुख ते असतात. नगराध्यक्षांना आणि आपल्या भागाच्या नगरसेवकांना त्याची प्रत. महापालिका असेल तर सहसा प्रभाग किंवा क्षेत्रीय कार्यालयाच्या सहायक आयुक्तांकडे. मुंबईत याच कामासाठी इंग्रजी अक्षरांची विभाग कार्यालये आहेत. ग्रामपंचायतीत अर्ज सरपंचांकडे द्यावा, पण तिथे आपल्या हाती आणखी एक गोष्ट असते : महिला ग्रामसभा. नेहमीच्या ग्रामसभेआधी ती घ्यावी असा महाराष्ट्रात नियमच आहे. पुष्कळ गावांत ती रजिस्टरातच भरते, सह्यांसाठी शिपाई घरोघर हिंडतो. असा शिपाई दारी आला तर सही करण्याआधी आपल्या पाण्याचा विषय त्या रजिस्टरात लिहिलेला आहे का ते पाहावे. नसेल तर सही करू नये.

पालिकेत गेल्यावर थेट साहेबांच्या दाराशी बसू नका. आधी आवक-जावकचे टेबल शोधा. अर्जाच्या दोन प्रती न्यायच्या. एक त्यांना द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. ही झाली पोच. "साहेब नाहीत, उद्या या" असे कुणी म्हणाले तर शांतपणे सांगा, "साहेबांना भेटायचं नाही, अर्ज द्यायचाय." अर्ज घेण्यासाठी साहेब जागेवर असावे लागत नाहीत. तरीही नाहीच घेतला, तर पोस्टाने पाठवा. आपण पूर्वी रजिस्टर पोस्ट करत असू; २०२५ साली टपाल खात्याने ते स्पीड पोस्टात मिसळून टाकले. तेव्हा स्पीड पोस्ट करा आणि पावती अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवा. मोबाइलवरून तक्रार नोंदवलीत तर मिळालेला क्रमांक वहीत उतरवून घ्या. फोन बदलतो, पाण्यात पडतो, नातवंडांच्या हाती जातो. वही राहते.

आता सहीकडे येते, कारण या पत्रात मला तीच गोष्ट सर्वांत जास्त खटकली. एका अर्जावर एक सही म्हणजे एका घरची कुरकुर. त्याच अर्जावर वीस-पंचवीस घरांच्या सह्या म्हणजे तो भागाचा प्रश्न. पण सह्या गोळा करायला आपण निघालो की दार उघडणारी बाई म्हणते, "हे आल्यावर सही करतील." अहो, हे आल्यावर कशाला? रात्री बादल्या तुम्ही भरता ना? आणि केलीच सही तर ती 'सौ. कुलकर्णी' किंवा 'सौ. जाधव' अशी. एका गल्लीत जाधव सहा आणि कुलकर्णी तीन! आपले स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे जे लावत असाल ते, आडनाव, घर क्रमांक आणि फोन एवढे सुवाच्य लिहावे. सही करता येत नसेल त्या बाईंचा अंगठा घ्यावा आणि शेजारी तिचे नाव लिहावे. अंगठ्यालाही तितकेच वजन आहे.

पुढची अडचण एका दुसऱ्या भगिनीने कळवली आहे. त्या अर्ज घेऊन गेल्या तेव्हा टेबलावरच्या गृहस्थांनी विचारले, "नळ कुणाच्या नावावर आहे? मालकांना पाठवा." नळ सासऱ्यांच्या नावावर, सासरे वारून नऊ वर्षे झालेली. त्या परत आल्या. वाईट वाटले वाचून. नवीन नळ मागताना किंवा नळावरचे नाव बदलताना मालकीचे कागद लागतात, ते बरोबरच आहे. पण पाणी येत नाही हे सांगायला नळ नावावर असावा लागत नाही. भाडेकरूही सांगू शकते, खोली घेऊन शिकणारी मुलगीही सांगू शकते. अर्जात नळजोड क्रमांक आणि पाणीपट्टीच्या शेवटच्या पावतीचा क्रमांक लिहावा, म्हणजे शोधायला सोपे जाते, आणि "मालकांना पाठवा" म्हटले की म्हणावे, "इथं राहते मी, पाणी भरते मी. तुम्ही आवक क्रमांक द्या."

हे सगळे काही नवे नाही बरं का! मुंबईच्या गोरेगावात मृणाल गोरे यांनी पाण्यासाठी घरोघरच्या बायकांना बरोबर घेतले. १९६१ साली त्या मुंबई महापालिकेवर निवडून गेल्या, पुढे १९७२ साली विधानसभेवर आणि १९७७ साली लोकसभेवर. पण लोकांनी त्यांना नाव दिले ते 'पाणीवाली बाई' हेच. १९७२ च्या महागाईत त्यांनी, अहिल्या रांगणेकरांनी आणि इतरजणींनी मिळून महागाई प्रतिकार महिला संयुक्त समिती उभी केली. लाटणी घेऊन, थाळ्या वाजवत मोर्चे निघाले. ज्या कधी एकट्या बाजाराच्या पलीकडे गेल्या नव्हत्या अशा बायका त्यांत होत्या. आमच्या वयाच्या वाचकांना ते लाटणे मोर्चे आठवत असतील. लाटणे ऐकू येते, दिसते, छायाचित्रातही येते, हे खरेच. पण रेशनचे तेल किती आले आणि किती मिळाले, याचा चोख हिशेब त्या बायकांच्या तोंडी होता, हे मला लाटण्याइतकेच मोलाचे वाटते.

तेव्हा पालिकेत बसलेल्या बायका बोटांवर मोजण्याइतक्या असत. १९९३ साली अमलात आलेल्या घटनादुरुस्त्यांनी पंचायती आणि पालिकांत एकतृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखल्या, आणि महाराष्ट्राने २०११ साली त्या निम्म्या केल्या. म्हणजे तुमच्या भागाची नगरसेवक बाई असण्याचा संभव चांगलाच आहे. त्यांना फोन लावला की तो पुष्कळदा त्यांचे यजमान उचलतात, ही गोष्ट वेगळी! "काय काम आहे ते मला सांगा, मीच बघतो सगळं." अशा वेळी भांडू नये. "त्यांनाच सांगायचंय, केव्हा भेटतील?" एवढेच विचारावे आणि वेळ घेऊन चौघीजणींनी घरी जावे. कॅलेंडरची पाने बरोबर न्यावीत. अशी एखादी बाई आपला प्रश्न चटकन समजते असा माझा अनुभव आहे, कारण तिच्याही घरी पाणी येतेच की! आणि नगरसेवकच नसतील तर? २०२२ नंतर राज्यातल्या पुष्कळ महापालिका-नगरपालिकांच्या निवडणुका लांबल्या आणि काही वर्षे प्रशासकच कारभार पाहत होते. त्या काळात ज्यांनी नगरसेवकांवरच भिस्त ठेवली होती त्यांची फार पंचाईत झाली. ज्यांच्या वहीत आवक क्रमांक होते त्यांचे काम निदान पुढे सरकत राहिले.

अर्ज दिल्यावर पंधरा दिवस थांबा. मग स्मरणपत्र द्या. त्यात नवे काही लिहायचे नाही; आधीच्या अर्जाचा क्रमांक आणि तारीख देऊन 'काय कार्यवाही झाली ते लेखी कळवावे' एवढेच. तरीही उत्तर नाही आले तर माहितीच्या अधिकाराचा कायदा आहेच, २००५ सालचा. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून 'आमच्या अमुक क्रमांकाच्या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीची व टिपणीची प्रत मिळावी' असा अर्ज करायचा. तीस दिवसांत उत्तर यावे लागते. महाराष्ट्रात हा अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा. 'पाणी का येत नाही' असे त्यात विचारू नका; का, कशासाठी याला तिथे उत्तर मिळत नाही, कागद मागितला तर कागद मिळतो. शिवाय जिल्हाधिकारी कचेरीत आणि महापालिकांतून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी तिसऱ्या सोमवारी महिला लोकशाही दिन. तिथे मात्र आयत्या वेळी जाऊन चालत नाही, ठरलेल्या नमुन्यात आधी अर्ज द्यावा लागतो. आपल्या गावची मुदत तिथेच विचारून घ्या.

आता जरा अवघड भाग. एका गावाहून तिसरे पत्र आहे, त्यात आनंदाची बातमी आहे आणि तिच्या पोटातच दुसरी आहे. त्यांच्या आळीच्या बायकांनी सह्या करून अर्ज दिला, पाठपुरावा केला आणि पाण्याची वेळ मध्यरात्रीवरून सकाळी सहावर आली. पेढे वाटले. आठ दिवसांनी कळले की मागच्या वस्तीचे सकाळचे पाणी रात्री दीडला गेले आहे. टाकी एक, पाणी तेवढेच. चावीवाल्याने एक चावी आधी फिरवली आणि दुसरी नंतर. मागच्या वस्तीत धुण्याभांड्याला जाणाऱ्या बायका राहतात. दीडला उठायचे आणि सहाला कामावर निघायचे. आता या भगिनी विचारतात, "आम्ही काय करावं? आमची वेळ परत द्यावी का?"

परत कशाला द्यायची? पण स्वस्थही बसू नये. माझे मत असे की पुढचा अर्ज दोन्ही वस्त्यांनी मिळून द्यावा आणि त्यात चाव्यांचे वेळापत्रक मागावे : कोणत्या भागाला कोणत्या वेळी, किती मिनिटे पाणी सोडतात. ते भिंतीवर लावले जावे अशीही मागणी करावी. रात्रीची पाळी टळणार नसेल तर ती महिन्या-महिन्याने फिरती ठेवावी. हे ऐकून आपल्याच आळीतल्या काहीजणी नाराज होतील, होऊ देत. मोलकरीण उशिरा आली म्हणून कुरकुरणाऱ्या आपणच असतो, आणि तिच्या नळाला पाणी किती वाजता येते हे आपण कधी विचारलेले नसते. आणि जाता जाता आणखी एक : ज्यांच्या घरी नळाच्या लाइनीला थेट मोटार लावलेली आहे, त्यांनी अर्जावर सही करताना थोडे थांबावे. पुढच्या चार घरांची धार ती मोटारच ओढून घेते. अभियंता पाहायला आला की पहिले बोट तिच्याकडेच दाखवतो, आणि सगळा अर्ज हलका पडतो.

पाणी गढूळ किंवा वासाचे येत असेल तर मात्र पंधरा दिवस टिपणे करत बसू नका. त्याच दिवशी पाणीपुरवठा आणि आरोग्य अशा दोन्ही विभागांना वेगवेगळे अर्ज द्या. पाणी ठरावीक वेळीच येते तेव्हा मधल्या तासांत नळ रिकामा असतो. तो कुठे फुटला असेल आणि शेजारून गटार वाहत असेल तर घाण आत ओढली जाते. म्हणून नळ सुरू झाल्यावरचे पहिले पाणी घाण येते आणि मग स्वच्छ होते. 'पहिली दहा मिनिटे वास येतो, मग येत नाही' असे अर्जात लिहा. अभियंत्याला गळती शोधायला ही खूण उपयोगी पडते. पाण्यातल्या क्लोरिनची तपासणी करून मागा. हिला ओटी टेस्ट म्हणतात. थेंब टाकला की क्लोरिन असलेले पाणी पिवळे होते. ती दारात, तुमच्यासमोर व्हावी असा आग्रह धरा. दरम्यान पिण्याचे पाणी दुहेरी फडक्याने गाळून, खळखळ उकळी आल्यावर आणखी निदान एक मिनिट उकळून घ्या आणि झाकून ठेवा. ओघराळ्यानेच काढा, त्यात हात बुडवू नका. लहान मुले घरात असतील तर उद्यावर टाकू नका.

पत्रलेखिका भगिनींनी अर्जाचा नमुना मागितला आहे. खाली देते. आकडे आपापले घाला.

"प्रति, मा. मुख्याधिकारी, नगरपालिका. विषय : पाणीपुरवठ्याची वेळ बदलून मिळण्याबाबत. महोदय, आम्ही खाली सह्या करणाऱ्या अमुक आळीतील रहिवासी आहोत. आमच्या भागात नळाला पाणी रात्री २.४५ ते ३.३० या वेळात येते. गेल्या पंधरा दिवसांतील वेळांची नोंद सोबत जोडली आहे. त्यांपैकी दोन दिवस पाणी आले नाही. प्रत्यक्ष मोजले असता एका नळास सुमारे २२५ लिटर, म्हणजे पाच माणसांच्या घरात माणशी ४५ लिटर पाणी मिळते. आमची मागणी : पाण्याची वेळ पहाटे ५.३० नंतर ठेवावी, आणि तसे करताना शेजारच्या कोणत्याही वस्तीची वेळ रात्री जाणार नाही असे पाहावे. केलेली कार्यवाही पंधरा दिवसांत लेखी कळवावी. आपल्या,"

'आपल्या' च्या खाली पान मोकळे सोडा, आणि जोडायला आखीव कागदही बरोबर घ्या; पंचवीस सह्या एका पानात मावत नाहीत. पहिली सही जी रात्री पावणेतीनला उठते तिची. यजमानांनाही सही करायची असेल तर अवश्य करू द्या, खाली जागा आहे.